आवाज बसलाय म्हणून सोडून देऊ नका

आपल्या बीड जिल्ह्यात आवाजावर पोट असणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. कीर्तनकार, मास्तर, मोंढ्यात बोली पुकारणारे, ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. यांचा आवाज बसला की आपण सांगतो, हळद-दूध घ्या, होईल कमी. पण तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला, बोलताना दम लागला, पाणी पिताना ठसका लागायला लागला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला गाठा. स्वरतंतूला लकवा मारलेला असू शकतो.

आवाजाची डावी नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर स्वरयंत्रात येते. म्हणून थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये नसेला इजा झाली किंवा छातीत गाठ वाढली, तरी लक्षण दिसतं आवाजातच.

दुर्बिणीतून तंतू हलत नाही एवढं दिसतं. पण नस कामातून गेली, नुसती दबली, की सांधाच आखडला? हे कळायला स्वरयंत्राच्या ईएमजीची मदत होते. मानेतून बारीक सुई स्वरयंत्राच्या स्नायूत घालतात, रुग्णाला 'ई' म्हणायला लावतात आणि नसेकडून संकेत येतात का ते पडद्यावर बघतात. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत ही तपासणी जास्त उपयोगाची. ती शंभर टक्के अचूक नसते, हेही खरं. पण नस सावरत नाही असं स्पष्ट दिसलं, तर वर्षभर वाट बघण्याऐवजी पुढच्या उपचाराचा निर्णय लवकर घेता येतो.

मास्तराला वर्गात बोलता न येणारं ते वर्ष कुणी भरून द्यायचं?

म्हणून मागणी साधी आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ग्रामीण भागासाठीच उभं राहिलं. तिथं महिन्यातला एक दिवस फक्त आवाजाच्या रुग्णांसाठी ठेवा. त्या दिवशी घशाचे डॉक्टर आणि नसांची तपासणी करणारे डॉक्टर एकत्र बसवा. ही तपासणी कुठं होते, सरकारी योजनेत बसते का, हे फलकावर मराठीत लिहा.

कुणी म्हणेल, असे रुग्ण असतात किती? कमी असतात, म्हणूनच प्रत्येक तालुक्यात सोय मागत नाही. जिल्ह्यात एक ठिकाण मागतोय. नाहीतर पुण्याचा रस्ता आहेच, पण तो ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी.

आमदार-खासदारांनी हे मनावर घ्यावं. प्रचारात त्यांचाही घसा बसतोच की!

पटलं तर शेअर करा.