दृष्टीआड सृष्टी

रस्त्यात नळ फुटून पाण्याचे लोट वाहू लागले, म्हणजे नगरपित्यांस जाग येते. खड्डा खणला जातो, तुकडा बदलला जातो, वर माती लोटली जाते आणि सारे पुन्हा स्वस्थ होतात. परंतु त्या दिवशी फुटलेला नळ जमिनीखाली कित्येक वर्षे झिजत असतो, याचा विचार होत नाही.

या दृष्टीने रोह्याजवळील धाटावकडे पाहावे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते आणि त्याच खोऱ्यात धाटावचे रसायनांचे कारखाने उभे आहेत. भूमी चार महिने पावसाने भिजलेली. खाडीकडे जावे तो क्षारांनी भरलेली. ओल आणि क्षार लाभले की पुरलेल्या नळाच्या अंगावरच जणू विद्युत्-घट तयार होतो व धातू कणाकणाने मातीत उतरतो. हवा न पोचणाऱ्या चिकणमातीत हेच काम सूक्ष्म जंतू करतात. बिडाचा नळ तर अधिकच फसवा! त्यातील लोखंड निघून जाते, ग्राफाइट मागे राहते. आकार शाबूत, बळ मात्र नाहीसे.

हानी केवळ गळतीची नव्हे. आपल्याकडे पाणी बहुधा ठरावीक वेळीच सुटते. पुरवठा थांबून दाब उतरला, की ज्या छिद्रातून पाणी बाहेर गेले त्यातूनच भोवतालची घाण आत येऊ शकते. शहरात ती गटाराची असेल. कारखान्यांचे सांडपाणी ज्या भूमीत मुरते, तेथे ती कसली असेल, हा तर्क गृहिणीने हंडा भरताना करीत बसावा काय?

उपाय अज्ञात नाहीत. जहाजाच्या तांब्यास जस्ताची जोड दिल्यास जस्त झिजते व तांबे वाचते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ सालीच दाखविले. त्याच तत्त्वावर आज पोलादी वाहिन्या राखता येतात. मात्र झिजलेले जस्त वेळेवर बदलावे लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक नगरपालिकेने, तसेच १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने, नळांची नोंदवही ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी : नळ कोणत्या साली पुरला, कोणत्या धातूचा, कशा मातीत, किती वेळा फुटला. काढलेला तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी त्याची जाडी मोजावी. पाणीपट्टीचा ठरावीक हिस्सा जुने नळ बदलण्यासाठीच राखून ठेवावा.

नव्या योजनेस कोनशिला लाभते. बदललेल्या नळास ती लाभत नाही. तेव्हा या कामाचा जाब मतदारांनीच विचारला पाहिजे, आणि तोही नळ फुटण्यापूर्वी.