सात वाजता येतो

निवृत्त झाल्यावर जर्मन शिकणार, असे मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केले होते. पुस्तक आले, वही आली. खूण मात्र वर्षभर अकराव्या पानावरच! त्या वहीत आमच्या सौभाग्यवती आता दुधाचा हिशेब लिहितात.

उणीव गुरूची नव्हती, सोबत्याची होती. १९०२ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी एका बेकार तरुणाने शिकवणीची जाहिरात दिली. ती वाचून सोलोविन नावाचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी पदार्थविज्ञान शिकायला आला. दोन-चार भेटींतच तो तरुण, म्हणजे आइन्स्टाइन, त्याला म्हणाला की, शिकवणी राहू द्या, नुसते येत जा. पुढे हाबिश्त हा गणिती मित्र येऊन मिळाला. तिघे मिळून ह्यूम, माख, प्वांकारे वाचीत. कधी एका वाक्यावरच वाद पेटे आणि दिवसचे दिवस चाले.

एकदा बैठक सोलोविनच्या खोलीवर ठरलेली. हा पठ्ठ्या उकडलेली अंडी आणि एक चिठ्ठी ठेवून मैफलीला पळाला! दोघांनी अंडी फस्त केली. मग, सोलोविनला तंबाखूचा तिटकारा म्हणून मुद्दाम, धुराने खोली कोंदून टाकली, सामानसुमान पलंगावर रचले नि चालते झाले. दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

इतक्या हक्काने रागावणारे कुणी मिळावे, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या नानांना विचारले. जर्मन त्यांनाही येत नाही. "सोमवारी सात वाजता येतो," म्हणाले.

वही तेवढी नवी आणायला हवी.