माळ पडीक नसतो

शनिवारची सकाळ उजाडली की हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानातील मोटारींची रांग द्रुतगती मार्गाला लागते आणि लोणावळ्याच्या अलीकडे कोठे तरी अडकून पडते. धबधबा पाहावयास निघालेला माणूस पुढच्या गाडीचा मागचा दिवा पाहून घरी परततो. त्याच वेळी काही थोडे लोक मात्र सायकल काढून माण, घोटवडे, कासारसाईच्या वाटेला लागलेले असतात. कोणे एके काळी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील कामगार गरजेपोटी सायकल हाकीत असे. आजच्या अभियंत्याची सायकल त्या कामगाराच्या वर्षाच्या पगारातही आली नसती. तो कालमहिमा म्हणून सोडून द्यावा. परंतु या सायकलस्वारांच्या चाकाखाली जी भूमी येते तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

ही भूमी म्हणजे माळ. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे सरकताना झपाट्याने आटतो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक, पुण्यास सातशेच्या आसपास आणि सुपे-मोरगावकडे जेमतेम पाचशेच्या घरात. दीड दिवसाच्या सायकलप्रवासात माणूस जणू तीन देश ओलांडतो. हिंजवडी या उताराच्या मधोमध बसलेली आहे. मारुंजी आणि माणच्या टेकड्यांवरील मुरमाड, उथळ मातीत दाट अरण्य उगवत नाही. तेथे गवत उगवते आणि मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर अशी काटेरी झाडे उभी राहतात. ही अरण्याची उणीव नव्हे. ती एक स्वतंत्र सृष्टी आहे.

मात्र सरकारी दप्तराला हे कधी उमगले नाही. ज्या जमिनीवर धान्य पिकत नाही आणि सारा येत नाही ती पडीक, ही समजूत इंग्रजी अमदानीत कागदावर उतरली आणि स्वातंत्र्यानंतरही पुसली गेली नाही. सातबाऱ्यावरील ‘पोटखराब’ हा शब्द ज्या कारकुनाने शेकडो वेळा उतरून काढला असेल, त्याला त्या खराब्यात चंडोल अंडी घालतो हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळ आहेतच. आणि एकदा जमीन पडीक ठरली की तिचे काहीही करावयास मोकळीक मिळते. प्रकल्प आला, द्या गायरान! राडारोडा टाकावयाचा आहे, माळ आहेच!

त्याहून विपरीत गोष्ट सद्हेतूने घडते. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या प्रचंड मोहिमा काढल्या. अखेरच्या वर्षीचे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. तेव्हापासून पावसाळ्यात टेकडीवर जाऊन खड्डा खणणे आणि छायाचित्र काढून घेणे हा अनेक कंपन्यांचा वार्षिक कुळाचार झाला आहे. झाड लावणे पुण्याचे, हे कोण नाकारील? परंतु गवताच्या उरावर लावलेले झाड त्या गवताला उन्हापासून तोडते आणि गवतावर जगणाऱ्यांना हुसकून लावते. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची जी दाटी माजली आहे, तिच्याखाली जाऊन उभे राहावे. हिरवे सर्व काही दिसते, आवाज मात्र फारसा ऐकू येत नाही.

येथे पूर्वी घनदाट जंगल होते व मेंढ्यांनी ते खाल्ले, असे एक पालुपद नेहमी ऐकविले जाते. २०२५ साली पुण्याच्या आयसर संस्थेतील आणि परदेशातील संशोधकांनी या समजुतीची परीक्षा वेगळ्याच साधनाने घेतली: जुने मराठी वाङ्मय आणि लोकपरंपरेतील ओव्या. त्यांत उल्लेखिलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ माळरानाच्या निघाल्या. निखळ अरण्यातल्या अगदी मोजक्या. तेराव्या शतकापासून मराठी माणूस ज्या बाभळी-बोरींची नावे घेत आला, त्या बाभळी-बोरी कालपरवाच्या तोडीने उगवलेल्या नाहीत. मराठीच्या शिक्षकांनी या संशोधनाची दखल घ्यावयास हवी. आपल्या विषयाचा असा उपयोग वरचेवर होत नाही.

जर्मनीतील ल्यूनेबर्गचा प्रदेश असाच झुडपांचा व रेताड. त्यालाही लोक ओसाड म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी काही जाणत्या मंडळींनी वर्गणी काढून तेथील जमीन विकत घेण्यास प्रारंभ केला आणि १९२१ मध्ये तो संरक्षित झाला. आजही त्याच्या गाभ्यात मोटारीस मज्जाव आहे. पायी जावे, सायकलवर जावे किंवा घोडागाडीत बसावे. विशेष हे की तेथे मेंढ्यांना हाकलून दिलेले नाही. मेंढ्यांनी चरणे थांबविले तर रोपे वाढून माळ बुजतो, हे ओळखून कळप मुद्दाम राखले जातात. नेदरलँड्समध्ये होगे वेलुवे नावाच्या उद्यानात माळ आणि अंतर्देशीय वाळूच्या टेकड्या हिंडण्यासाठी आलेल्या प्रत्येकास पांढरी सायकल विनामूल्य मिळते. आपल्याकडे मेंढ्या राखणारा धनगर आहे, शेतात मेंढ्या बसविण्याची रीत आहे. आणि त्याच धनगराला वनखात्याच्या चरापुढे थांबवून त्याच्याकडून दंड घेण्याचीही रीत आहे.

बारामती तालुक्यातील सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, पण चिंकारा तेथे दिसतो. त्या परिसराच्या माळांवर लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी आहेत. वनखात्याने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामतीतील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, हे स्वागतार्ह आहे. माळ पाहण्याजोगा असतो हे सरकारने मान्य केले. मात्र सफारी म्हटले की वाहन आले, आणि लांडग्याचे छायाचित्र मिळविण्यासाठी गुहेच्या तोंडापर्यंत गाडी नेण्याचा मोह आला. माळ चाकांनी चटकन फाटतो. टिटवीचे घरटे म्हणजे चार खडे आणि त्यांच्याच रंगाची अंडी. टायरला ती दिसत नाहीत. पायी चालणाऱ्यालाही दिसतीलच असे नाही, म्हणून उन्हाळ्यात वाट सोडू नये, हा नियम त्यालाही लागू हवा.

पण माळाची खरी ओळख पायांनाच होते. पावसाळ्यानंतर कुसळी गवताची बोंडे पिकतात आणि मोज्यांत रुततात. चिडून ती उपटणाऱ्याने एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून पाहावे. ओल लागताच त्याचा पीळ उलगडू लागतो आणि ते आपोआप फिरते. बी जमिनीत गिरमिटासारखे घुसविण्याची ती युक्ती आहे. मोटारीच्या काचेआडून हे शिकता येत नाही.

हिंजवडीपुरता प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०२५ च्या जूनमध्ये या परिसराचे रस्ते ओढ्यांसारखे वाहिले. तेव्हा गटारांवर आणि कंत्राटदारांवर बरीच शाई खर्च झाली. टेकडीवरून उतरणारे मूळ ओढे कोठे होते आणि ते कोणी बुजविले, ही चौकशी मागेच पडली. माळावर चालणाऱ्याला ते ओढे पायाखाली लागतात.

म्हणून मागणे साधे आहे. माण-मारुंजीच्या उरल्यासुरल्या टेकड्यांचे सपाटीकरण थांबवावे. तेथील जुन्या पाऊलवाटा व बैलगाडीच्या वाटा मोजून गावनकाशावर कायम कराव्यात आणि त्यांवर मोटारीस बंदी घालावी. कंपन्यांना खर्चच करावयाचा असेल तर रोपांऐवजी तो या वाटांच्या दगडी खुणांवर आणि वणवा रोखणाऱ्या माणसांच्या पगारावर करावा. मेंढपाळांना ठरल्या ऋतूत चराईचा परवाना द्यावा. यांतील वाटा मोजण्याच्या कामाची सुरुवात भूमापन खात्याचा एक मोजणीदार आणि ग्रामपंचायतीचा एक ठराव यांनी होऊ शकते. तो ठराव येत्या ग्रामसभेपुढे आणण्यास कोणाचीही हरकत असू नये.