पंख्याचे बटण

पंख्याचे बटण बिघडले, की घरात सहसा दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक म्हणतो, "विजेच्या वाटेस कोणी जाऊ नये, वायरमन येईल तेव्हा येईल." मग सारी मंडळी चार दिवस घामाघूम होऊन बसतात. दुसरा तत्काळ उठतो व हाती सापडेल त्या सुरीने बोर्डाचे स्क्रू काढू लागतो. पहिल्यास लोक भित्रा म्हणतात, दुसऱ्यास धाडसी. वस्तुतः दोघांचे अज्ञान एकच आहे. बटणाच्या आत काय असते, हे दोघांनाही ठाऊक नसते.

आत फारसे काही नसतेच. धातूचे दोन तुकडे, त्यांना जोडणारी एक पट्टी व तिला झटक्याने हलविणारी स्प्रिंग, एवढाच तो संसार. छताचा साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे २३० व्होल्टच्या दाबाने सुमारे एक-तृतीयांश अँपिअर प्रवाह. बटण मात्र ६ अँपिअर सोसण्यासाठी बनविलेले असते. तेव्हा पंख्याच्या भाराने ते दमले, असे क्वचितच होते. बहुधा स्प्रिंग सैल पडते, ठिणग्यांनी पट्टीवर काजळी धरते किंवा तारेचा स्क्रू ढिला होतो. मग बटण चरचरते व तापते. अशा बटणास थापट्या मारून दिवस काढणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. नवे बटण काही महाग नसते. (पंखा नुसताच गुणगुणत असेल, तर मात्र बटणास दोष देऊ नये, बहुधा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो.)

बटण घरी बदलण्यास नियमांचीही आडकाठी नाही. विजेच्या जोडणीची कामे परवानाधारक ठेकेदारानेच करावीत, असे भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी ठरविले. पण दिवे, पंखे, फ्यूज व बटणे बदलणे, जोडणीचे स्वरूप पालटत नसेल तर, त्यांनी मोकळे ठेवले. २०१० च्या नियमांतही ही मोकळीक राहिली.

या कामात हातांच्या कौशल्यापेक्षा क्रमाला मोल आहे. आधी चालू सॉकेटवर टेस्टर लावून त्याचा दिवा लागतो ना, हे पाहावे. बिघडलेला टेस्टर प्रत्येक तार निर्जीवच ठरवितो. मग मेन स्विच बंद करावा. घरी इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, कारण मेन स्विच पाडला तरी त्याची वीज चालूच राहते. नंतर प्रत्येक तारेला पुन्हा टेस्टर लावावा व मगच कारागीर ज्याला डिसमिस म्हणतात, तो पेचकस हाती घ्यावा.

बटण नेहमी फेज तारेवर हवे. कोणी घाईत ते न्यूट्रलवर जोडलेले असले, तर बटण बंद केल्यावर पंखा थांबतो खरा, पण त्याच्या वेटोळ्यांपर्यंत वीज पोहोचलेलीच असते. वेटोळ्यांचे आवरण झिजलेले असेल, तर दिवाळीपूर्वी स्टुलावर चढून पाती पुसणाऱ्यास धक्का बसतो, आणि स्टुलावरून पडणे ते वेगळेच. अशी जोडणी आढळल्यास वायरमनलाच बोलवावे.

मुलांनी बोर्ड उघडू नये, हे उघडच आहे. परंतु "येथून चालता हो" असे म्हणून त्यांना पिटाळणारे वडीलही चुकतात. एकाला बॅटरी धरावयास सांगावी. दुसरीला मेन स्विचपाशी पहाऱ्यास उभे करावे, कारण पंखे थांबलेले पाहून तो चालू करण्यास कोणीतरी धावतोच. जुने बटण टाकून देण्यापूर्वी त्यांच्या हाती द्यावे, म्हणजे ते उघडून आतील काळवंडलेली पट्टी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.