आप्रवासी घाटाच्या पायऱ्या

मॉरिशसला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या हाती सहलीचा जो कार्यक्रम पडतो, त्यात पांढरी वाळू असते, शामारेलची सप्तरंगी माती असते, पांपलमूसच्या उद्यानातील परातीएवढी कमळपत्रे असतात आणि भाविकांसाठी गंगातलावाचे दर्शनही असते. परंतु पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाट मात्र पुष्कळदा वेळ उरल्यास पाहावयाचे स्थळ म्हणून शेवटी ढकललेला असतो, ही गोष्ट मला अत्यंत खेदजनक वाटते.

घाटावर नेत्रदीपक असे काही नाही, हे खरे. मूळ इमारतींचा अल्पसाच अंश उरला आहे, आणि त्यात धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, अवघ्या सोळा; याच पायऱ्या चढून करारबद्ध मजूर बेटावर येत. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिश सरकारने करारबद्ध मजुरांची जी भरती 1834 साली आरंभिली, ती 1920 पर्यंत चालली आणि तीत जवळजवळ पाच लाख हिंदी माणसे या बेटावर उतरली; बिहार आणि मद्रास इलाख्यातील माणसांबरोबरच रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसेही मुंबई बंदरातून गलबतावर चढली होती. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरची खूण कारकुनाने टिपून घ्यावी आणि मजकूर इसमास एक क्रमांक द्यावा, असा शिरस्ता होता; त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरखान्यात आजही जतन केलेल्या आहेत.

यांतील मराठी माणसांच्या वंशजांनी कोकणचे जाखडी नृत्य ‘झाकरी’ या नावाने जिवंत ठेवले आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, हे ऐकून आपला ऊर भरून येतो, आणि तो यावाच. तथापि केवळ आप्तभावाने घाट पाहणे मला अपुरे वाटते. ज्या मळ्यांत गिरमिटिया, म्हणजे हा करारबद्ध मजूर, राबला, त्याच मळ्यांत त्याच्यापूर्वी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबले होते, आणि त्यांतील जे पळाले त्यांनी नैर्ऋत्येकडील ल मोर्न या 556 मीटर उंचीच्या दुर्गम पर्वताचा आश्रय केला. घाट 2006 साली व पर्वत 2008 साली जागतिक वारशात समाविष्ट झाला. एक पाहून दुसरा वगळणाऱ्यास या बेटाचा इतिहास अर्धाच कळतो.

वेळेची सबब येथे टिकणारी नाही. ल मोर्नच्या पायथ्याशी असलेल्या किनाऱ्यावर आपले प्रवासी तसेही जातात, आणि पोर्ट लुईच्या ज्या कोदां बाजारात खरेदीसाठी त्यांना मोकळे सोडले जाते, तेथून घाट पायी जाण्याच्या अंतरावर आहे.