शेततळ्यात पोर बुडालं की दोष आईलाच?

शेततळ्यात पोर बुडालं की पारावर एकच वाक्य : "आईचं लक्ष नव्हतं." बास झालं आता हे. आई कांदे लावायला गेलेली, लक्ष कुठून ठेवणार?

बांगलादेशात बघा. तिथं घराघरामागं तळी. लहान पोरं बुडतात ती बहुतेक सकाळी, आईच्या कामाच्या वेळेत, हे त्यांनी आधी शोधलं. मग गावातच 'आंचल' नावाची पाळणाघरं काढली. १ ते ५ वर्षांची पोरं सकाळी ९ ते दुपारी १ गावातल्याच बाईच्या नजरेखाली. मोठ्या पोरांना गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून पोहायला शिकवतात. २०२२ मध्ये सरकारनं अशी ८,००० केंद्रं मंजूर केली. देश काय आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. आणि श्रीमंत ऑस्ट्रेलियात घरच्या पोहण्याच्या हौदालाही १.२ मीटर कुंपण अन् आपोआप बंद होणारं फाटक सक्तीचं.

आपल्याकडं? तळ्याच्या प्लॅस्टिक कागदावरून घसरला तर धडधाकट गडीसुद्धा वर येत नाही. कागदाला लाखभर घालतो, जाळीला मात्र पैसे नसतात! निदान चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि जुन्या ट्यूबा तरी सोडा. आणि कृषी सहायक साहेब, अनुदानासाठी तळ्याचा फोटो काढायला येता ना? कुंपण नसेल तर काढूच नका.