गोळीची वेळ आणि चौविहार



पर्युषण जवळ आले की खांब-कोलाड-रोहा परिसरातील साधर्मिक कुटुंबांतून एक प्रश्न दबक्या आवाजात येतो : ‘घबराटीच्या आजाराची गोळी चालू आहे, अठ्ठाई करावी काय?’

हा आजार म्हणजे पॅनिक डिसऑर्डर. अकस्मात छाती धडधडते, श्वास कोंडतो, प्राण जाणार असे वाटते. रात्रीच महामार्गाने अलिबाग वा पनवेल गाठावे, तो हृदयाचा आलेख निर्दोष! पहिल्या खेपेस ही तपासणी अवश्य करावी. पण तपासणी निर्दोष असूनही झटके परतू लागले, आणि त्यांच्या धास्तीने पेढी व देरासर टाळले जाऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. त्यास ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हणणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतील डोनाल्ड क्लाइन यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले की इमिप्रामाइन या औषधाने असे झटके थांबतात.

आज प्रायः एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन देतात. गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. आरंभी अस्वस्थता किंचित वाढतेही, आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळ जण गोळी सोडून देतात. अल्प्राझोलाम अर्ध्या-एक तासात आराम देते, पण तिची सवय जडते. बँकेच्या भाषेत पहिली मुदत ठेव, दुसरी हातउसनी रक्कम! अल्प्राझोलाम दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास आकडीही येऊ शकते. ती ‘एच-1’ अनुसूचीत असल्याने चिठ्ठीविना मिळू नये. दुकानदाराशी घरोबा असला तरी मागू नये.

आता मूळ प्रश्न. पहिल्या प्रकारची गोळी बहुधा दिवसातून एकदाच असते. डॉक्टरांना विचारून ती सकाळी नवकारशीनंतर घेतली तर चौविहारास बाध येत नाही. अठ्ठाईत मात्र आठ दिवस गोळी चुकते. चक्कर, डोक्यात विजेचे झटके, कधी घबराटीचे पुनरागमन, असा त्याचा परिणाम होऊ शकतो. त्याऐवजी एकासणे वा आयंबिल करून त्याच वेळी गोळी घेता येते. आपल्या पच्चक्खाणातच समाधी टिकविण्यासाठी औषधाची सवलत, म्हणजे सर्वसमाधिप्रत्यय आगार, आहे. महाराजसाहेबांना आजार लपवून पच्चक्खाण मागू नये. सारे सांगून मागावे.

बरे वाटल्यावरही साधारण वर्षभर औषध चालते, मग हळूहळू उतरवतात. जवळ तज्ज्ञ नसल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे. तेथे मराठीतही बोलता येते.